मेजर कुणाचा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आले एकदाची! सावेडीच्या फ्लॅटमधून थेट उसाच्या पोटात. नेवासा तालुक्यातलं हे गाव, गावाबाहेर भागवत तात्यांची वस्ती आणि वस्तीच्या टोकाला माझी खोली. विटांच्या भिंती, वर पत्रे, तिन्ही बाजूंना ऊस. आरोग्य उपकेंद्रात आज रुजू झाले. कुलपाची किल्ली शोधण्यात अर्धी सकाळ गेली, तरी मला राग आला नाही. म्हणजे बघा, किती खूश असेन.

तात्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. भाडं तुम्हीच ठरवा म्हणाले. आणि आडनाव विचारलं नाही. खोली बघायला गेलं की नुसतं ‘प्रज्ञा’ म्हटल्यावर समोरचा माणूस पुढच्या शब्दासाठी थांबतो. ते थांबणं मी लहानपणापासून ओळखते. तात्या थांबलेच नाहीत. "घर आपलंच समजा" म्हणाले नि किल्ली हातात दिली. मी आईला फोनवर म्हटलं, जग बदलतंय गं. ती म्हणाली, बदलू दे, तू दाराला कडी लावत जा.

तात्यांचा कुत्रा मेजर. तोंडाभोवती पांढरा झालाय, एक कान दुमडलेला, चाल मात्र परेडवरची. तात्यांचा धाकटा भाऊ फौजेत होता, त्यानं नाव ठेवलं. मी सामान लावत होते तर आला आणि माझ्या पावलांवर हनुवटी ठेवून बसला. तात्या म्हणाले, "ह्यो आजपासून तुमचा. तुमचं दार सोडायचा न्हाई." आईला हेही सांगितलं. तिनं विचारलं, वेळ आली तर वाचवील का गं तो तुला? मी म्हटलं, आई, कुत्र्याइतकं इमान माणसातसुद्धा नसतं.

६ नोव्हेंबर

इथे बिबट्याला वाघच म्हणतात. दिवस कलला की गाव दारं लावून घेतं. ऊसतोड सुरू झालीय, एकेक फड मोकळा होतोय, आणि त्यात राहणारं जनावर पुढच्या फडात सरकतंय. कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे आहेत. ओढ्याकाठी वन खात्याचा पिंजरा लावलाय, त्यात शेळी. येता-जाता बघते, बाई निवांत चारा खात असतात. आपल्याला इतकं वेळेवर जेवण का मिळतंय, हा प्रश्न तिला पडलेला दिसत नाही.

बीपीच्या गोळीच्या निमित्तानं आक्काबाई रोज येते. गोळी एक, गप्पा शंभर. आज म्हणाली, "हितली कुत्री येक पावसाळा काढत्यात, दुसरा न्हाई." मी फुशारकीनं सांगितलं की आमचा मेजर नऊ वर्षांचा आहे, गळ्यात पट्टासुद्धा नाही, आणि तो माझ्या दाराशी झोपतो. आक्काबाईनं पदर सारखा केला आणि गोळी न घेताच निघाली. मला हाक मारून द्यावी लागली.

९ नोव्हेंबर, रविवार

माझा थोरला भाऊ महेंद्र आला होता. दादाचं मत असं, की कुत्रा बिस्किटाच्या पुड्याला ओळखतो, माणसाला नाही. मी म्हटलं, घे परीक्षा. त्यानं माझी चादर डोक्यावरून पांघरली, काठी उगारली आणि माझ्या अंगावर धावून आला. मी किंचाळलेसुद्धा, चांगली नाटकातल्यासारखी. मेजरनं आमच्याकडे पाहिलं आणि जांभई दिली.

एवढ्यात तात्यांची नात राजनंदिनी दूध घेऊन आली. दुसरीत आहे, पुढचे दोन दात पडलेत, बोलणं मात्र सरपंचाचं. महेंद्रनं गमतीत तिच्यावर काठी उगारली. मेजर कधी उठला ते दिसलंच नाही. दादाच्या पँटची शिलाई गुडघ्यापर्यंत गेली. नशीब, मांडी वाचली. दादा जाताना म्हणाला, उत्तर मिळालं का बाईसाहेब? मी म्हटलं, त्याला लहान मुलांचा लळा आहे, तुला नाही कळायचं.

१५ नोव्हेंबर

आता ठरूनच गेलंय. दिवे लावायची वेळ झाली की मेजर लांब कुठेतरी भुंकतो, मग धावत येतो, दाराला पंजे घासतो, रडतो. मी उघडते. तो सरळ खाटेखाली. जरा वेळानं उठून पुन्हा बाहेर. खरं सांगते, परक्या गावात कुणीतरी धापा टाकत आपल्याकडेच येतं, याचं फार बरं वाटतं. दुपारी साळूबाई, म्हणजे तात्यांची बायको, भाकरी कुस्करून माझ्या उंबऱ्यापाशी ठेवते. मेजर घरी जेवत नाही, इथेच जेवतो. मी वर बिस्किटं देते.

१९ नोव्हेंबर

सकाळी पायरीपाशी ठसे. काल पाणी सांडलं होतं, त्यात उमटलेत. माझ्या तळहाताएवढा एकेक. दारापर्यंत आलेत आणि तिथे बराच वेळ बसल्यासारखी माती दबलीय. काल संध्याकाळी मी मेजरला आत घेतलं, त्याच वेळचे असणार.

वनरक्षक फोटो काढून गेला. तात्या आले, उकिडवे बसले, ठसे कुठून कुठे गेलेत ते बघत राहिले. त्यांच्या वाड्याच्या तारेच्या कुंपणाकडे एकही गेलेला नव्हता. उठताना त्यांचा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसला. पेपर सोपा गेलेल्या पोरासारखा. मला म्हणाले, "मेजर हाय म्हनून." मीसुद्धा मान डोलावली. आता लिहिताना तो चेहरा आठवतोय आणि आवडत नाहीये.

२२ नोव्हेंबर

आज खिडकी किलकिली ठेवून पाहिलं.

ते जनावर बांधावर होतं. तात्यांच्या फाटकाकडे तोंड करून. फाटक उघडं, अंगणात राजनंदिनीची सायकल. मेजर मधे गेला. भुंकला. ते वळेपर्यंत भुंकला. मग पळाला. उघडं फाटक त्याच्या अगदी जवळ होतं. तो फाटकावरून पुढे गेला आणि माझ्या दाराशी येऊन रडायला लागला.

मी उघडलं नाही. हात कडीवर होता. बाहेर दोन श्वास ऐकू येत होते, एक त्याचा.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. मेजर पायरीवर बसलेला, अंगावर ओरखडा नाही. शेपूट हलवली त्यानं.

२३ नोव्हेंबर

आक्काबाईला दवाखान्यात बसवून दार लावलं आणि विचारलं. आधी रडली. मग बोलली. माझ्या खोलीत गेल्या साली अंगद होता, तात्यांचा ट्रॅक्टर चालवणारा, बीडकडचा. त्याच्या आधी रतनबाई, मागंपुढं कुणी नसलेली मजूर. दोघंही दिवे लागताना गेले. दोघंही दारातच. "मेजरला दार उघडावं असं रडायचं बरुबर कळतंय बाई," म्हणाली. गावाला ठाऊक आहे. मला सांगितलं नाही, कारण तात्यांच्या विहिरीवर अर्ध्या गावाचं पाणी आहे.

मी ओरडले तिच्यावर. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मलाबी नातवंडं हायत."

२४ नोव्हेंबर

तात्यांना तोंडावर विचारलं. वाटलं, चिडतील, नाही म्हणतील. त्यांनी बसायला खुर्ची दिली.

राजनंदिनीचा थोरला भाऊ, तिनं कधी न पाहिलेला. तेव्हाचं कुत्रं वाघ दिसल्यावर जीव वाचवायला घराकडे पळालं, वाघ त्याच्या मागे अंगणात आला, आणि अंगणात पोरगं खेळत होतं. "कुत्रं घराकडंच पळतं म्याडम. त्याचा काय दोष." मग खोली बांधली. मेजर पिल्लू असल्यापासून त्याची भाकरी त्या उंबऱ्यावर. काठी दाखवायची आणि पळवायचं ते त्या दाराकडे. घराकडे आला तर मार.

मी म्हटलं, मग रिकाम्या खोलीकडे पळवायचं होतं. म्हणाले, "रिकाम्या खोलीपाशी वाघ थांबत न्हाई, त्याला दारात मानूस लागतो. माघारी फिरून घराकडं येतो. केलं हुतं तसंबी."

साळूबाईनं चहा आणून ठेवला. बशीत बिस्किटं.

आडनाव विचारलं नाही याचं मला केवढं अप्रूप वाटलं होतं! बाजारात शेळी घेताना तिचं आडनाव कोण विचारतं?

पोलिसांत जाईन म्हटलं. तात्या हात जोडून म्हणाले, "काय सांगताल? कुत्रं तुमच्या दाराशी बसतंय म्हनून?"

२५ नोव्हेंबर

गावठाणात खोली मागत फिरले. पाच घरं. पाचही ठिकाणी पाणी दिलं आणि आडनाव विचारलं. मग कुणाची सून यायची होती, कुणाकडे रंगकाम निघालं होतं.

शेवटच्या घरातल्या बाईनं तर सल्ला दिला, तात्यांकडेच राहा, तिथे मेजर आहे. हसू आलं. घरी येऊन खूप रडले.

नोकरी खड्ड्यात गेली. उद्या महेंद्र गाडी घेऊन येतोय.

२६ नोव्हेंबर, दुपार

बॅग भरली. आज संविधान दिन. सकाळी शाळेत उद्देशिका म्हटली. राजनंदिनी पहिल्या रांगेत, ‘बंधुता’ला अडखळली. मी सांगितलं तशी मोठ्यानं म्हणाली.

साळूबाईनं बॅग पाहिली. नेहमीसारखी भाकरी कुस्करून उंबऱ्यापाशी ठेवली आणि गेली.

संध्याकाळ

महेंद्र घोडेगावपाशी अडकलाय. उसाच्या ट्रॉल्या, रस्ता बंद. फोन केला तर म्हणाला, दार लावून बस, अंधारायच्या आत येतो. ऊन गेलंय.

मेजर आलाय. पंजे घासतोय. रडतोय. उघडणार नाही. मेला तरी उघडणार नाही.

"ताई." कोण म्हणालं?

राजनंदिनी. बाहेर राजनंदिनी आहे—

उघडलं. काय करणार होते? पोरगी आत, तिच्या मागे मेजर आत. कडी घालताना उसातून ते उठलेलं पाहिलं. ताई जाणार असं आजीकडून कळलं म्हणून कुणाला न सांगता आलीय. मला द्यायला पेरू आणलाय.

पत्र्यावर आहे. चालतंय. एकेक पाऊल वाजतंय. कोपऱ्यातला पत्रा सुटाच होता, तो वर उचलला जातोय. नखं दिसली. पोरीला खाटेखाली घातलंय. मेजर आज खाटेखाली गेला नाही. तिच्यापुढे बसलाय.

सगळं लिहून ठेवतेय. महेंद्रला कळायला पाहिजे.

तात्यांना फोन केला. पोरगी इथे आहे म्हटल्यावर हंबरल्यासारखे रडले. माणसं गोळा करतो म्हणाले.

कुणी येत नाहीये. हातभर फट झालीय. अख्खा पाय आत येतो—

तात्यांचा फोन. पत्रा किती उचकटला, विचारलं. सांगितलं. मग म्हणाले, तुम्ही दार उघडा आणि गावाकडे पळा, ते तुमच्या मागे येईल. पाया पडतो म्हणाले. लेकरू हाय म्हणाले.

मी कुणाचं लेकरू नाही का? माझी आई सावेडीत बसलीय. नाही म्हटलं. मी कुठेही जाणार नाही.

बरं म्हणाले. शांत झाले एकदम. पोरीला धीर देतो, फोन स्पीकरवर ठेवा म्हणाले. ठेवला, फरशीवर. राजनंदिनीनं ‘आजोबा’ म्हणून हाक मारली. तिच्याशी बोललेच नाहीत. लाडानं, हळू, म्हणाले—

"मेजर. छू."

पोरगी रडतेय, नको मेजर, ताई आहे, नको—

तो तिच्याकडे बघतसुद्धा नाही. उठलाय. दात काढलेत. चावत नाही, नुसता पुढे येतोय. मी सरकले की थांबतो. एकेक पाऊल, दाराकडेच. पाठीला कडी लागली. वर पत्र्यावर एकदम शांत झालंय, ते खाली उतरून दारा—