एका घराचा एक हात

८ जानेवारी
चिमणीने आज पुन्हा घरातल्या सगळ्या चपला-बूट भिंतीशी ओळीने मांडले आणि हजेरी घेतली. माझ्या चपला गैरहजर! साथीपायी शाळा बंद झाल्यापासून पोर माणसांशी धड बोलत नाही, चपलांशी बोलते.

११ जानेवारी
शाळा उघडायची का — रविवारी पालकसभा. एका घराचा एक हात. हे जहाजावर, म्हणजे मीच जाणार. आणि ‘नको’ म्हणणार. मामंजींचं एक फुप्फुस आधीच निकामी. त्यांना सांगितलं तर म्हणाले, “माझं सरत आलं गं. तिचं अजून सुरूही झालं नाही.”

१४ जानेवारी
तयार होऊन बाहेर येते तो मामंजी गेलेले! काठी टेकत, मास्क लावून. हात वर करूनच आले. एका हाताच्या फरकाने शाळा उघडणार. “घरात वडीलधारं माणूस असताना सुनेने कशाला जायचं?” — वर डोळे मिचकावतात! मी भांडी आदळली.

२२ जानेवारी
मामंजी आता माडीवरच्या खोलीत. ताट दाराबाहेर ठेवायचं. चिमणीला ताकीद — दाराला हात लावायचा नाही. शाळेतून आली की पायरीवर बसून तिची टकळी सुरू, आतून मामंजींचं हसू. किती दिवसांनी हे घर बोलतंय. मी मात्र घडीघडी दार बंद आहे ना ते बघून येते.

६ फेब्रुवारी
चिमणीचा ताप उतरला. मामंजींना खोकला.

९ फेब्रुवारी
रुग्णालयातून त्यांचा फोन. प्रत्येक शब्दाला धाप. “दार मीच उघडलं. तिचा पडलेला दात बघायचा होता. पोरीला एक अक्षर बोलू नकोस.” मी म्हटलं, आधी घरी या, मग बघते तुमच्याकडे.

१३ फेब्रुवारी
मामंजी गेले. लांबूनसुद्धा पाहू दिलं नाही.

१६ फेब्रुवारी
चपला पुन्हा भिंतीशी. मामंजींच्या पहिल्या रांगेत. चिमणी नुसती समोर बसून. हजेरी नाही, काही नाही.

२१ फेब्रुवारी
शाळा पुन्हा बंद करा म्हणून सभा. सगळ्यांचे डोळे माझ्यावर — हिच्या घरात तर माणूस गेलंय! मी ‘चालू राहू दे’ला हात वर केला. शेजारीण म्हणाली, काळीज आहे की दगड. रडू आलं, पण हात खाली घेतला नाही.

२२ फेब्रुवारी
चिमणी कुशीत शिरली. “आई, दार मी उघडलं. आजोबा नको नको म्हणत होते.”
म्हटलं, “छे गं! त्यांनीच उघडलं. मला फोनवर सांगितलं ना त्यांनी.”