नारिंगी जाकीटवाला मागे पडला

२ मार्च, सोमवार. मर्टलफोर्ड.
आजपासून रोजनिशी. नातीने, बियांकाने, फोनमध्ये काहीतरी करून दिलंय. मी बोलते, तो लिहितो, तारीखही तोच घालतो. हे कोणी वाचायचं नाही. मलाही वाचता येत नाही, त्यामुळे गुपित अगदी पक्कं.

मुद्द्याचं आधी. मिकोशी पैज लागली. मिको माझा मुलगा. मेलबर्नला सहाव्या मजल्यावर राहतो आणि तिथून माझी काळजी करतो. गेल्या हिवाळ्यात मी गॅरेजमध्ये पडले आणि दुपारपर्यंत तिथेच होते, असं शेजारणीने त्याला कळवलं. पडले नव्हते. जरा आडवी झाले होते. गार फरशी पाठीला बरी असते.

तेव्हापासून एकच धोशा. मम्मा, घर विकू, माझ्याकडे ये. मी म्हटलं, ती सहा दिवसांची सायकल-सहल निघते ना डोंगरातून, आपल्याच गावात संपते, ती करून दाखवते. तो इतका हसला की त्याने फोन बायकोकडे दिला. मग पुन्हा घेतला. म्हणाला, दमलेल्यांना उचलायला मागून एक व्हॅन येते. तिच्यात एकदाही बसली नाहीस तर घराचं नाव काढणार नाही. बसलीस तर थंडी पडायच्या आत माझ्याकडे. मी म्हटलं, शब्द? म्हणाला, शब्द. आमच्यात शब्द म्हणजे शब्द. हे त्याला मीच शिकवलंय, लाकडी डावाने.

घर गेलं तर फेब्रुवारीत टोमॅटोचा सॉस कुठे करायचा? दरवर्षी सगळं खानदान माझ्या गॅरेजमध्ये जमतं. तीनशे बाटल्या भरतो. सहाव्या मजल्यावर चूल पेटवली तर बंब येईल.

५ मार्च, गुरुवार.
सराव केला. फाटकापर्यंत गेले. आलेसुद्धा.

लग्न होऊन इथे आले तेव्हा आमच्या ह्यांच्या तंबाखूच्या शेतावर मी सायकलवरून जेवण न्यायची. हँडलला पातेलं, पाठीला मिको. एक थेंब सांडायचा नाही. त्याला पन्नास वर्षं झाली, पण पाय तेच आहेत.

सायकल बॅटरीची आहे. मिकोनेच भाड्याने घेतली. बॅटरी मी वापरणार नाही. नुसती चालू ठेवीन.

ठराव: पहाटे पाचला उठायचं. पास्ता कमी. मधल्या घोळक्यात राहायचं. अगदी पुढे जाऊन लोकांच्या डोळ्यांवर यायचं नाही.

७ मार्च, शनिवार. मॅन्सफील्ड ते व्हिटफील्ड.
एकशे ऐंशी लोक. सगळे मला नोन्ना म्हणतात, म्हणजे आजी. त्यात दोघेतिघे माझ्यापेक्षा मोठे दिसले, पण जाऊ दे.

पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. घाईतल्या माणसाला वाट द्यावी. टॉल्मीच्या चढावर व्हॅन येऊन शेजारी लागली. चालवते ती ब्रॉनविन, दंड माझ्या मांडीएवढे. काच खाली करून म्हणते, बसायचं का नोन्ना? मी म्हटलं, तू उतर, मी चालवते. ती खिदळत मागे गेली.

मागे मात्र एक म्हातारा होता. नारिंगी जाकीट, छातीवर आणि पाठीवर मोठी मोठी अक्षरं. औषध कंपनीची जाहिरात असावी. बिचाऱ्याला दिवसभर मला गाठता आलं नाही. शेवटच्या वळणावर तर मी पाणी प्यायला थांबले, तरी पुढे गेला नाही. तोही थांबला. दम लागला असणार.

मुक्कामी पोचले तेव्हा लझान्या संपला होता. लोक हावरट. आंघोळीचं पाणीही गार. असो, एक माणूस तरी मागे टाकला.

८ मार्च, रविवार. मिलावा.
दिवसभर नदीकाठ, दोन्हीकडे द्राक्षं. पाच वाजता उठायचं होतं. सातला उठले, कारण तंबूत उजेड उशिरा येतो.

नारिंगी जाकीटवाल्याचं नाव नेव्हिल. आजही मागे. आज त्याचं एक गुपित कळलं. वाट दाखवायला रस्त्याकडेला बाणांच्या पाट्या लावलेल्या असतात. हा प्रत्येक पाटीपाशी उतरतो, ती काढतो आणि मागच्या पिशवीत घालतो. सरळसरळ चोरी! मी मान फिरवली. म्हातारपणी माणसाच्या हाताला अशी खोड लागते. माझी मावसबहीण चर्चमधल्या मेणबत्त्या आणायची.

शिवाय खांद्याला लावलेल्या डबीत तो एकटाच बोलतो. अजून तासभर लागेल, म्हणतो. बायकोला सांगत असेल. बायको किती वर्षांपूर्वी गेली म्हणून विचारलं, तर म्हणाला, कुठे गेली? घरी आहे, टीव्ही बघतेय. म्हणजे निदान डोकं ठीक आहे.

९ मार्च, सोमवार. बीचवर्थ.
चढ. आज थोडी चालले. सायकललाही विश्रांती हवी. मी उतरले तसा नेव्हिलही उतरला. त्याला लाज वाटू नये म्हणून म्हटलं, नेव्हिल, माझ्यासाठी थांबू नकोस हो, हो पुढे. म्हणाला, मला पुढे जायचंच नाही, बाई. हरलेली माणसं असंच बोलतात.

मग झाडाखाली बसवून त्याला पाव आणि घरचं वाळवलेलं सॉसेज दिलं. इतकं तिखट खाऊन त्याचे कान लाल झाले, तरी दुसरा तुकडा मागितला. एकतीस वर्षं मालगाडीवर गार्ड होता म्हणे. सगळ्यात शेवटच्या डब्यात. मी विचारलं, कंटाळा नाही यायचा? म्हणाला, छे, मागून सगळी गाडी दिसते, कोणी सुटलंय का ते कळतं.

वाईट वाटलं. जन्मभर मागे बसला आणि आता मजा करायला आला तर माझ्या मागे.

१० मार्च, मंगळवार. डेडरँग.
पंक्चर. नेव्हिलने दहा मिनिटांत ट्यूब बदलून दिली. तेवढ्या वेळात तो सहज पुढे निघून गेला असता. नाही गेला. शेवटच्या किलोमीटरला मी मुद्दाम हळू केलं, म्हटलं जाऊ दे आज ह्याला. त्यानेही हळू केलं. दोघं इतके हळू की एक मेंढी आम्हाला ओलांडून गेली. शेवटी मीच जिंकले.

संध्याकाळी मिकोचा फोन. आधी विचारलं, व्हॅनमध्ये बसलीस? मी म्हटलं, तोंड सांभाळ. मग विचारलं, कितवी येतेस? मी म्हटलं, मोजलं नाही, पण शेवटची नाही. मग म्हणाला, मम्मा, शेवटची नाहीस? खरंच? आवाजात अभिमान होता. लहानपणी मी पातेलं न सांडता आणायची तेव्हा असाच बघायचा.

११ मार्च, बुधवार. माउंट ब्यूटी.
किएवा नदीत पाय सोडून बसलो. पाणी बर्फासारखं. नेव्हिलचा डावा गुडघा सुजलाय. नाही म्हणतो, पण मी सहा भावंडांची थोरली, मला गुडघा कळतो.

एक सांगायचं राहिलं. रोज मी मुक्कामी पोचते तेव्हा सगळी माणसं तंबूंतून बाहेर येऊन टाळ्या वाजवतात. हातात ताटल्या असल्या तर चमच्याने वाजवतात. दुसऱ्या कोणासाठी असं करत नाहीत, मी चौकशी केली. माझ्यामागून नेव्हिल येतो, त्याला कोणी विचारत नाही. आज मी त्याला म्हटलं, तू आधी जा, टाळ्या तुला घे. तो घाबरलाच. नको नको, तसं चालत नाही, म्हणाला. स्वभावच मागे राहण्याचा.

उद्या शेवटचा दिवस. टावोंगाची खिंड चढायची, पलीकडे आपली नदी, मग उतारच उतार घरापर्यंत. पैज जिंकल्यातच जमा आहे. गॅरेजला नवीन दार लावून घेणार. मिकोच्या खर्चाने.

झोपायच्या आधी माझी बॅटरी चार्ज होतेय का बघायला गेले तर प्लगच्या सगळ्या जागा भरलेल्या. नेव्हिलची बोलायची डबी नुसतीच बाजूला पडलेली. माझी बॅटरी काढून त्याची डबी लावली. बायकोशी बोलल्याशिवाय त्याला करमत नाही. मला बॅटरीची गरज कुठे आहे?

१२ मार्च, गुरुवार. रात्री साडेनऊ. घर.
घडलं तसं सांगते.

बॅटरी खिंडीच्या पायथ्याशीच संपली. ही सायकल बॅटरीशिवाय म्हशीएवढी जड. उतरले, ढकलत निघाले. मी हळूहळू पोचलेच असते. संध्याकाळपर्यंत नक्की.

पण नेव्हिल. तोही ढकलत होता, लंगडत. तोंड टोमॅटोसारखं. मी म्हटलं, व्हॅनमध्ये बस. म्हणाला, तुम्ही रस्त्यावर आहात तोवर मी रस्त्यावर. मी म्हटलं, माझ्याशी स्पर्धा सोड आता, मरशील. म्हणाला, स्पर्धा नाही हो, नियम आहे. पुरुषांचे नियम! आमचे हे असेच न बसता गेले.

तेवढ्यात ब्रॉनविन आली. मी तिला म्हटलं, ह्याला आत घाल. ती म्हणाली, नोन्ना, तुम्ही बसल्याशिवाय तो बसणार नाही. मी पुढे बघितलं, खिंड दिसत नव्हती. मागे बघितलं, नेव्हिल गुडघा दाबत होता. मग बसले. फक्त त्याला बसवण्यासाठी. तो बसला की दुसऱ्या दाराने उतरायचं असं मनात पक्कं होतं. पण गाडी उबदार होती आणि ब्रॉनविनने ती चालू केली.

वर जाताना ती हसत सुटली. नेव्हिल, अकरा वर्षांत पहिल्यांदा, म्हणाली. मी विचारलं, पहिल्यांदा काय? शेवटचा माणूस व्हॅनमधून येतोय, म्हणाली. मी म्हटलं, शेवटचा कशाने, तो काय मुद्दाम मागे राहतो? ती आरशातून बघत म्हणाली, जाकिटावर लिहिलंय की, नोन्ना. चष्मा घरी राहिलाय, मी म्हटलं. शहात्तर वर्षं घरीच राहतो माझा चष्मा. मग नेव्हिलनेच खालच्या आवाजात वाचलं. शेवटचा सायकलस्वार. माझ्या मागे कोणी नाही.

पाट्या गोळा करायचं त्याचं काम. डबीत सांगायचं, अजून एक बाई रस्त्यावर आहे, हे त्याचं काम. टाळ्याही शेवटच्या माणसासाठी असतात. म्हणजे शेवटच्या बाईसाठी.

खिंड ओलांडली, उतार लागला. गावाच्या अलीकडे दोन किलोमीटरवर नेव्हिलने गाडी थांबवायला लावली. म्हणाला, इथून सायकलवर जाऊ. मुलाला कोण सांगणार आहे? ब्रॉनविन म्हणाली, मला तर काही दिसलंच नाही, मी रेडिओ लावत होते. चांगली माणसं. मी निघाले. तो मागे. नदीचा पूल, मग माझी गल्ली, आणि फाटकाशी मिको. दोन दिवस आधीच येऊन माझे टोमॅटो त्याने पाणी घालून जिवंत ठेवले होते.

मला उचललंच त्याने. डोळे ओले. म्हणाला, मम्मा, जिंकलीस, आता घराचं नाव काढणार नाही. गॅरेजला दार बसवू.

तिथे तोंड मिटायला हवं होतं.

पण त्याची नजर नेव्हिलच्या जाकिटाकडे गेली. त्याने वाचलं. आणि हसायला लागला. म्हणाला, अगं, हा तर सगळ्यांच्या मागून येणारा माणूस! म्हणजे तू सहा दिवस रोज शेवटची आलीस? आणि मला सांगितलंस शेवटची नाही! बायकोला हाक मारली, अगं ये, ऐक. बियांका फोन काढायला लागली. शेजारीण कुंपणाशी आलीच.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, शेवटची कोण? मी? ह्याचा गुडघा गेला होता, खिंड ह्याला चढवत नव्हती. मी ह्याला व्हॅनमध्ये घातलं. मी शेजारी बसले नसते तर हा म्हातारा आज जिवंत नसता!

नेव्हिलने बुटांकडे बघितलं.

मिकोचं हसू हळूहळू थांबलं. विचारलं, शेजारी कुठे बसलीस, मम्मा?

१३ मार्च, शुक्रवार.
मिकोला म्हटलं, ते बसणं नव्हतं, ती मदत होती. तो म्हणाला, शब्द म्हणजे शब्द. आणि लाकडी डाव उचलून दाखवला.

मी म्हटलं, ठीक आहे. पण शेवटची मी नव्हते.

१८ जुलै, शनिवार. मेलबर्न. सहावा मजला.
बरेच दिवस बोलले नाही. बोलण्यासारखं काही होत नाही. खिडकीतून दुसरी खिडकी दिसते. सॉसच्या बाटल्यांची खोकी माझ्या पलंगाखाली आहेत, एकशे चाळीस बाटल्या. बाकीच्या वाटल्या. घरात आता एक शाळामास्तर राहतो, गॅरेजला नवीन दार लावलंय म्हणे.

आज लिफ्ट बंद. बाजारातून आले, जिन्याने निघाले. मिको मागून. दोन्ही हातांत पिशव्या, पायऱ्या दोन-दोन चढणारा माणूस, आणि एकेक पायरी चढतोय. मी थांबले की थांबतो. मी निघाले की निघतो. तिसऱ्या मजल्यावर मी कठड्याला टेकले तर तोही भिंतीवरचा रंग बघायला लागला.

मी म्हटलं, पुढे हो, मिको. म्हणाला, नको, तू चल, माझा गुडघा जरा दुखतोय.

गुडघा! पन्नाशी आली तरी काही झालेलं नाही त्याला. नारिंगी जाकीट तेवढं घातलं नव्हतं.

चौथा मजला. पाचवा. सहाव्यावर दारापाशी मागे वळून बघितलं.

दोन पायऱ्यांनी मी पुढे होते.