सवयीनं म्हटलेलं आमेन

नाशिक, रविवार संध्याकाळ

बापा, आज लिहायला उशीर झाला, क्षमा कर. सकाळच्या उपासनेत मंडळीच्या पंचांनी निवडणुकीतल्या एका उमेदवाराच्या विजयासाठी प्रार्थना केली आणि सवयीनं मीही आमेन म्हणालो. त्यानं आमच्या दफनभूमीला भिंत बांधून दिली, हे खरं. पण हरसूलच्या मजुरांच्या झोपड्याही त्यानंच पाडल्या. लेकरंबाळं उघड्यावर. मग ते आमेन म्हणजे तुला दिलेला शब्द झाला का? मोडला तर पाप?

बायको म्हणते, "अहो, पाळकसाहेब सूचना वाचतात तेव्हाही तुम्ही आमेन म्हणता."

मला हसू आलं नाही. आमेन तुझ्यासमोर म्हटलंय. आणि झोपड्याही तुझ्यासमोरच पडल्या ना? उद्या मतपत्रिकेवर शिक्का मारायचाय. कुठं मारू, तेवढं लवकर कळव.