फाटकावरचे इमानदारीचे टेबल

देवळी,
ता. १८ जानेवारी

तीर्थस्वरूप महादेवराव मामांच्या पायाशी भाचा श्रावण याचा नमस्कार. मामींनाही सांगावा.

आम्ही इकडे बरे आहोत. आईची कंबर थंडीने धरते, पण ती बोलायची थांबलेली नाही, म्हणजे काळजीचे कारण नाही. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावे. (डाव्याबद्दल विचारतो आहे. उजव्याबद्दल मामींनी आईला सगळे सांगितले.) गाईला कालवड झाली हे कळून आनंद झाला. हे सारे फोनवर विचारता आले असते, पण तुम्ही फोन स्पीकरवर लावून आंजीच्या चौकातल्या ओट्यावर ठेवता आणि मग निम्मे गाव माझ्याशी बोलते. मला लिहायचे आहे ते इमानदारीबद्दल, आणि ते चारचौघांत बोलण्यासारखे नाही, म्हणून पत्र. पाकीट नीट चिकटवून तुमच्या गावच्या टेम्पोवाल्याजवळ देत आहे. विशेष काम काही नाही. सहज खुशाली कळवावी म्हणून लिहितो.

तुम्हाला ठाऊकच आहे की बंडूजींच्या जिनिंग कारखान्यात माझा हा पाचवा हंगाम. दसऱ्याला कापूस येतो तेव्हा मी कामावर येतो आणि होळीच्या सुमारास आम्ही दोघेही संपतो. नंतर पुढच्या दसऱ्यापर्यंत आई माझ्याकडे पाहते आणि मी पंख्याकडे. यंदा मात्र बंडूजींनी शब्द दिला आहे की एक प्रमाणपत्र मिळाले तर ते मला बारमाही कायम करतील. त्या प्रमाणपत्रापायी जे झाले ते क्रमाने सांगतो.

आपली रुई दक्षिणेतल्या एका सूतगिरणीला जाते. तिचे सूत पुढे परदेशात जाते, आणि तिकडच्या लोकांना आता शर्ट अंगात घालण्याआधी त्याच्या कापसात कुठे लबाडी झाली नाही ना, हे माहीत करून घ्यायचे असते. (आपल्याकडे शर्टाचा रंग जातो की नाही एवढेच विचारतात.) त्यामुळे सूतगिरणीने आम्हाला प्रमाणपत्रासाठी प्रश्न पाठवले. पहिलाच प्रश्न असा, की आपल्या कामाच्या ठिकाणी नैतिक संस्कृती उभारली आहे काय, आणि ती टिकवण्यासाठी काय करता. बंडूजींनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "संस्कृती घरी हाये. तुळस हाये, देव्हारा हाये. जिनात काऊन पाहिजे?" पण गिऱ्हाईक मोठे, म्हणून त्यांनी ती जिनातही उभारायचे ठरवले आणि ते काम माझ्यावर सोपवले. कारणे दोन. मी खर्रा-तंबाखू खात नाही, आणि शब्द शुद्ध लिहितो. बारावीला मला इंग्रजीने अडवले, मराठीने कधी दगा दिला नाही, हे तुम्ही जाणताच. मला नीतिमत्ता प्रमुख हे पद मिळाले. पगार तोच राहिला. हमाल मला 'इमानदार' म्हणू लागले, आणि ते चांगल्या अर्थाने नाही. मी दिसलो की कोणीतरी ओरडायचे, "इमानदार आला रे, पुड्या लपवा."

मी प्रामाणिकपणे विचार केला की लबाडी कुठून सुरू होत असेल. विचार करता करता चंद्रभान काकांपाशी येऊन थांबलो. काका आमच्याकडे कापसाची प्रत ठरवतात. गाडीतला मूठभर कापूस काढतात, दोन चिमटींत धरून धागा ओढतात, डोळे मिटतात आणि प्रत सांगतात. त्यावर भाव ठरतो. आता ज्याच्या चिमटीत आपला भाव आहे त्याच्यासमोर रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून कोणी तुरीच्या शेंगा आणतो, कोणी बोरे, कोणी हुरडा. सारेच आणत नाहीत, दोन-चार जण आणतात. काका तिथेच उभ्या उभ्या खातात आणि जी प्रत द्यायची तीच देतात. (असे काका म्हणतात. मी तपासलेले नाही, कारण शेंगा खाल्ल्या नसत्या तर काय प्रत दिली असती हे तपासायची सोय नाही.)

तरी बाहेरच्या माणसाला हे कसे दिसेल, या विचाराने मला झोप येईना. म्हणून मी फाटकाजवळ एक टेबल मांडले. ज्याला जे द्यायचे ते त्याने काकांच्या हातात न देता टेबलावर उघड ठेवावे, त्यावर देणाऱ्याचे नाव, गाव, वस्तू आणि वजन लिहिलेली चिठ्ठी मी लावीन, आणि संध्याकाळी ते सगळ्या कामगारांत सारखे वाटले जाईल, असा नियम केला. पारदर्शकता हा शब्द मी त्या वेळी पहिल्यांदा पाटीवर लिहिला. बरोबर आला.

पहिल्या दिवशी टेबलावर एक पपई आणि बोरांची पिशवी आली. चिठ्ठ्या सुरेख दिसत होत्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र असे होऊ लागले की रांगेत गाड्या लावून बसलेले लोक वेळ घालवायला टेबलाशी येऊन चिठ्ठ्या वाचू लागले. पुलगावकडचे मधुकरराव म्हणून एक गृहस्थ आहेत. त्यांनी वाचले की पपई त्यांच्या व्याह्यांनी दिली आहे. ट्रॅक्टर रांगेत तसाच ठेवून कोणाच्या तरी मोटारसायकलवर निघून गेले आणि येताना जिवंत कोंबडा घेऊन आले. मला म्हणाले, "याचं वजन कर अन् नाव मोठ्या अक्षरात लिही. पपईच्या बाजूनं ठेव." कोंबडा पपईच्या बाजूला ठेवला तर पपई राहत नाही, म्हणून मी त्याला टेबलाच्या पायाला बांधले आणि चिठ्ठी दोरीला लावली.

त्यानंतर ते थांबेना. कोणी संत्र्यांची पेटी आणली, कोणी वर्ध्याहून गोरसपाक बिस्किटांचा डबा आणला. ज्यांनी जन्मात कोणाला कधी काही दिले नव्हते तेही चिठ्ठ्या वाचून खजील होऊ लागले. समोरच्या पानठेलेवाल्याने हे पाहून फळांच्या तयार पिशव्या ठेवल्या, लहान आणि मोठी. डिसेंबर संपण्याआधी मला दुसरे टेबल जोडावे लागले. चंद्रभान काका एकदा दोन्ही टेबलांभोवती फिरून आले आणि म्हणाले, "आंधी दोघं-चौघं देत. आता सारेच देऊन राह्यले. अन् मले संध्याकाळी भेटते काय, तं संत्र्याची एक फोड. लेका, तुह्या इमानदारीनं लाच वाढली अन् माही कमी झाली." काकांचा मूड गेला तो गेलाच. ते प्रत कडक देऊ लागले. लोकांना वाटले, भेट कमी पडली असेल. त्यांनी भेटी वाढवल्या.

कोंबड्याचे तर काही सुचेना. तो सारखा वाटता येत नव्हता. (हमालांनी एक मार्ग सुचवला, पण बंडूजी माळकरी आहेत, जिनाच्या आवारात तसले काही चालत नाही.) परत द्यायला गेलो तर मधुकरराव ओट्यावरून उठलेच नाहीत. "दिलेला कोंबडा वापस घेऊ? अन् व्याह्याले तोंड काय दाखवू?" म्हणून तो आवारातच राहिला. दोरी त्याने सोडवून घेतली आणि कापसाच्या ढिगावर जाऊन बसू लागला. रुईत पिसे निघाली तर अख्खी गाठ नाकारतात, त्यामुळे काका प्रत ठरवण्याचे सोडून पिसे वेचत बसले. कोंबडा काही हटला नाही. हमाल म्हणत, "हा तं तुह्या आंधी कायम झाला, श्रावण." मी हसलो नाही. रोज सकाळी फाटक उघडताना तो ढिगावर असे आणि मी खाली, आणि आमच्यापैकी होळीनंतर कोण इथे राहणार हे दोघांनाही दिसत होते.

शेवटी मी टेबले उचलली आणि पाटी लावली की येथे कोणतीही भेटवस्तू स्वीकारली जात नाही. ती पाटी वाचून रांगेतल्या सगळ्यांची तोंडे उतरली. एकाने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "म्हनजे आता नगद घेता काय?" त्याला समजावण्यात माझा तास गेला, आणि तोवर मागच्या चौघांनी तेच विचारले. पुढचे आठ दिवस मी फाटकावर उभा राहून एकेकाला हात जोडून सांगत होतो की बाप्पा, काही नको, कापूस आणा आणि जा. कोणाच्या शेंगा परत केल्या, कोणाचा हुरडा. काही जणांनी माझ्याशी बोलणे सोडले. पण आठ दिवसांनी खरोखर कोणी काही आणेना. ठेलेवाल्याच्या मोठ्या पिशव्या सडल्या. काकांची चिमटी पुन्हा पहिल्यासारखी चालू लागली, म्हणजे डोळे मिटून. मला वाटले, यालाच संस्कृती म्हणत असतील.

अशा वेळी सूतगिरणीने तपासणीला नागपूरहून आकांक्षा मॅडमना पाठवले. वयाने माझ्याएवढ्याच असतील. स्वतःचे पाणी स्वतः आणले होते. बंडूजींनी चहा मागवला तर नम्रपणे म्हणाल्या की तपासणी संपेपर्यंत त्या कोणाकडचे काही घेत नाहीत. बंडूजींचा चेहरा मधुकररावांसारखा झाला. मॅडमनी मला विचारले, भेटवस्तू येतात का. मी म्हणालो, नाही. या आठवड्यात एकही नाही? एकही नाही. त्यांनी वहीकडे पाहिले, रिकाम्या फाटकाकडे पाहिले आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "जिथे काहीच येत नाही, तिथे खरंच काही येत नसेल, किंवा मला कोणी सांगत नसेल. इथून मला दोन्ही सारखंच दिसतं." मी सुरुवातीपासून सगळे सांगितले. पपई, व्याही, दुसरे टेबल, नगद. पुरावा काय, तर कोंबडा. मॅडमनी त्याला पाहिले. तो ढिगावरून आरवला. त्यांनी काहीतरी लिहिले आणि म्हणाल्या की घेतलेल्या भेटीचा पुरावा मिळाला, आता नाकारलेली एखादी भेट पाहायला मिळाली तर बरे. येत्या गुरुवारी सकाळभर त्या फाटकावर उभ्या राहणार आहेत. समोर कोणी काही देऊ केले आणि मी ते घेतले नाही, तर प्रमाणपत्र.

मॅडम गेल्यावर बंडूजी म्हणाले, "सारे चोर पकडून पोलिसाची नोकरी घालवली तू."

असो. बाकी सर्व ठीक. थंडी फार आहे. तुम्ही गुडघ्याला एरंडाचे पान गरम करून बांधावे, असे आई सांगते. आमच्या सचिनदादाने त्याच्यासाठीही तुमचा आशीर्वाद माग म्हटले होते, तो त्यानेच मागावा. मामींना पुन्हा नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
श्रावण

ता. क. तुमचा कापूस अजून घरातच आहे असे टेम्पोवाला सांगत होता. आणायचाच असेल तर गुरुवारी सकाळी आणावा. रांग कमी असते.

ता. क. २. गुरुवारी येताना माझ्यासाठी काहीतरी भेट आणावी आणि फाटकावर सगळ्यांसमोर मला देऊ करावी, ही विनंती. दुसऱ्यांना सांगून पाहिले. मधुकरराव म्हणाले, "एकदा देऊन पाह्यलं. आता तूच मले काही दे." बाकीच्यांना मी इतके समजावले आहे की ते आता देत नाहीत. तुमच्याशिवाय मला लाच देईल असे कोणी उरलेले नाही. मी नाही म्हणेन. तुम्ही आग्रह करावा. मी पुन्हा नाही म्हणेन. त्यावर तुम्ही वाईट वाटून घ्यावे, पण रागावू नये. सचिनदादाच्या लग्नात तुमचा आहेर परत आला तेव्हा तुम्ही जे बोललात ते मॅडमसमोर बोलू नये. हे सारे खोटे तर होत नाही ना, याचा मी दोन दिवस विचार केला. देणे ठरवून असले तरी नाकारणे खरे आहे. ती वस्तू मला खरोखरच नको आहे. माझे नाव कायमच्या पटावर लागले की तुमच्यावरचा डाग मी स्वतः सगळ्यांना समजावून सांगेन. कोंबडा मात्र आणू नये.

ता. क. ३. काय आणावे हा प्रश्न मी बंडूजींनाच विचारला. ते म्हणाले, तूप आणायला सांग, तुझ्या पहिल्या हंगामाआधी मामाने आणले होते तसे, डबा गच्च भरून. (मी म्हटले, नाकारायचाच आहे तर रिकामा डबा चालेल. ते म्हणाले, रिकामा डबा नाकारताना तुझा चेहरा खरा दिसणार नाही.) मी नाकारल्यावर गाडी मागच्या फाटकाने घ्यावी. तिथे मॅडम नसतील, बंडूजी असतील. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहितो: "ज्या तुपावर पोट्टा कामाले लागला, त्याच तुपावर कायम होऊन जाऊ दे."