सावरवाडीचं पान

पनवेल
दि. २१ जानेवारी २०१२

ती. वन्संना आशालताचा शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी पाणी भरलं, नऊ वाजता बँकेत जाऊन आले. दुपारी यांचे कागद लावायला बसले ते पाच वाजले. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि तुमच्या प्रणितकरवी सांगण्यासारखं हे नाही, म्हणून लिहिते.

यांना जाऊन परवा तीन महिने झाले. तालुक्यातल्या गावांच्या इतिहासाचं यांचं पुस्तक प्रणितच्या छापखान्यात द्यायचं आहे. निवृत्त झाल्यावर नऊ वर्षं हे गावोगाव फिरले. गाव कोणी वसवलं, जत्रा कधी, खारजमीन किती, शाळा कोणत्या साली, सगळं आहे. तुमच्या शिरढोणला चार पानं दिली आहेत. माझं माहेर उरण तालुक्यात, म्हणून त्याला एक ओळही नाही. मी एकदा विचारलं तर तालुक्याची हद्द दाखवली.

नेऱ्याकडच्या गावांच्या पाकिटात एक सुटं पान निघालं. त्याला क्रमांक नाही. वर सावरवाडी असं नाव आहे. १९७९ च्या फेब्रुवारीत हे नवे तलाठी म्हणून कातकऱ्यांच्या त्या वाडीची पाहणी करायला गेले. वाड्यांची गावठाण म्हणून नोंद व्हायची होती. घरं बंद होती, माणूस नव्हतं. वस्ती आढळली नाही, असा अहवाल यांनी दिला. जूनमध्ये त्याच वाटेने जाताना बावीस घरांतून धूर निघत होता. दिवाळीनंतर ही माणसं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडी परततात, माझ्यासारख्या शिरढोणच्या माणसाला हे कळायला हवं होतं, असं यांनीच लिहिलं आहे. खाली वाटेत विचारून घेतलेली बावीस घरकर्त्यांची नावं, त्याच जूनची तारीख आणि सही. शेवटी, नंतर वेगळ्या शाईत, एवढंच की अहवाल दुरुस्त केला नाही, चूक माझी.

तीस वर्षांच्या संसारात हे मला कधी बोलले नाहीत. हे पान पुस्तकात घालू की नको, ते सांगा.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नका.

आपली
आशालता


अलिबाग
दि. ३ फेब्रुवारी २०१२

चि. आशालता हिस अनेक आशीर्वाद.

वर सौ. लिहून खोडलं आहे. तीस वर्षांची सवय, हात थांबला नाही. मनाला लावून घेऊ नकोस.

गुडघा तसाच आहे. यंदा वाल चांगला आला. किशोरीने परवा डाळिंब्या केल्या. सून चांगली आहे, पण तिखटाचा डबा तिच्या हातून काढून घ्यायला हवा. प्रणित पुस्तकाची वाट बघतो आहे. मी तुझी आत्या, आणि मला मामाच्या गोष्टी सांगायला लावतोस, असं त्याला म्हटलं तर हसला. माझं डोकं चालत नाही, बघ. मी त्याची आई आहे, आत्या कुठून झाले? कृष्णकांत गेल्यापासून असं होतं.

ते पान पेटीत ठेव. वडील गेले तेव्हा कृष्णकांत नऊ वर्षांचा होता. मी शिवणकाम करून त्याला शिकवला. तलाठी असून कोणाच्या घरचा चहासुद्धा कामाआधी घेत नसे, हे पनवेलात अजून लोक सांगतात. पुस्तक त्याच्या आठवणीसाठी काढतो आहोत. पहिल्याच पुस्तकात, आणि तेही तो नसताना, त्याचीच चूक छापायची? ती वाडी आता असेल की नाही, कोण जाणे.

जेवत जा. नुसत्या चहावर राहतेस, हे मला इथे बसून कळतं.

तुझी
चंद्राताई


पनवेल
दि. १९ फेब्रुवारी २०१२

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

काल एस.टी.ने नेऱ्याला गेले, पुढे रिक्षा आणि मग अर्धा तास चालत. वाडी आहे.

घरं बंद होती. दारांच्या कड्या तारेने बांधलेल्या, चुलीत राख थंड. विजेचा शेवटचा खांब खाली रस्त्यालाच आहे. मी वही घेऊन पाहणीला गेले असते, तर मीही तेच लिहून आले असते. पाय दुखले म्हणून दगडावर बसले, एवढंच. अर्ध्या तासाने एक म्हातारी मोळी घेऊन आली. शांती तिचं नाव. भट्टीवरचं काम आता झेपत नाही म्हणून ती मागे राहते. जागा बघाया आली असशील तर पानी पी आनि मागारी जा, असं तिने मला आधीच सांगून टाकलं.

तलाठी भाऊसाहेबांची बायको म्हटल्यावर हसली. कोनचा भाऊसाहेब, आमच्याकडं कुनी येत नाय, आनि आला तर आमी नसताना येतो, आमची भाकर खावी लागंल म्हणून भितो का काय, असं म्हणाली. तिच्याकडे नाचणीची भाकरी खाऊन आले. जेवत नाही म्हणता, म्हणून कळवते.

ती जमीन शहरातल्या एका माणसाने फार्महाऊससाठी घेतली आहे. कुंपणाचे खांब येऊन पडले आहेत. ही माणसं अलीकडे येऊन बसली, असं त्याचं म्हणणं. शांतीच्या मुलाने, बळीरामने, प्रांत अधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे. त्यांच्याकडचा सगळ्यात जुना कागद म्हणजे १९९४ चं रेशनकार्ड. त्याआधीचा पुरावा आणा, असं सांगितलं आहे. १५ मार्चला सुनावणी आहे. त्यात काही दाखवता आलं नाही, तर घरं उठतील.

मी पानाची झेरॉक्स नेली होती. बावीस नावं वाचून दाखवली. सातव्या नावाला तिने मला थांबवलं. तो तिचा नवरा. रेशनकार्ड येण्याआधीच गेला, त्यामुळे त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. परत वाच म्हणाली. मी परत वाचलं.

यांना वाढवलं तुम्ही. तुम्ही नको म्हटलंत तर मी पान बाहेर काढणार नाही. पण मला ते द्यावंसं वाटतं.

उत्तर लवकर पाठवा, आणि लोभ ठेवा.

आपली
आशालता


अलिबाग
दि. १ मार्च २०१२

चि. आशालता हिस आशीर्वाद.

तुझं पत्र किशोरीने वाचायला मागितलं, मी दिलं नाही.

त्या जूनमध्ये तो माझ्याकडे आला होता. तुमचं लग्न व्हायचं होतं. पानावर बसला आणि जेवला नाही. ताई, उद्या साहेबांपुढे जाऊन चूक सांगतो आणि अहवाल बदलून घेतो, असं म्हणाला. मीच त्याला अडवलं. अजून नोकरीत कायम झाला नाहीस, आई अंथरुणाला खिळली आहे, एवढं कायम होऊ दे मग कर, असं मी सांगितलं. तो कायम झाला, लगेच बदली झाली. पुढे त्याने तो विषय काढला नाही आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं, विसरला.

चूक माझी असं त्याने लिहिलं. माझं नाव घातलं नाही. तुझं पहिलं पत्र आल्यापासून मला तेच खुपतं आहे. मागच्या पत्रात मी त्याचं नाव जपायला सांगत होते, त्यात माझंही जपत होते.

पान दे. प्रांतांपुढे मूळ पान ठेव, सरकारी माणसं अक्षर बघतात. पुस्तकातही घाल. खाली माझं नाव घालायचं असेल तर घाल, मी सही करीन.

तुझ्यावर माझी माया आहे, हे या पत्रानंतर तुला खरं वाटेल ना?

चंद्राताई


पनवेल
दि. २० मार्च २०१२

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

पंधरा तारखेला शांती आणि बळीरामबरोबर गेले. बळीराम भट्टीवरून एका दिवसाची रजा घेऊन आला होता. प्रांतसाहेबांनी पान दोनदा वाचलं. जुन्या दप्तरातलं यांचं अक्षर मागवून शेजारी ठेवलं. पान दाखल करून घेतलं, पोच मला मिळाली. यांच्या अहवालाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. पुढची तारीख मे महिन्यातली आहे. तोवर घरांना हात लावू नये, असा लेखी आदेश मिळाला. पुढे काय होईल ते सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर बळीराम म्हणाला, बाई, भाऊसाहेबांनी ओढ्याखालचं माझ्या आत्याचं घर धरलंच नाय, घरं तेवीस होती. शांतीने त्याला दटावलं, बावीस सापडली ती काय कमी हायेत का. पुस्तकात त्या आत्याचं नाव तळटीपेत घालते आहे.

तुमचं नाव घातलेलं नाही. यांनी घातलं नाही, ते मी घालणार नाही. तुम्ही तेव्हा सांगितलंत ते घरासाठी सांगितलंत, हे मला कळतं. त्याच पगारावर पुढे माझाही संसार झाला. माया खरी वाटते का, असं पुन्हा विचारू नका.

मे महिन्यात इकडे या. गुडघ्यासाठी खाली गादी घालीन. किशोरीलाही आणा, तिखट मी घालीन.

आहे तो लोभ असाच राहो.

आपली
आशालता

ता. क. पाकीट बंद करणार तेवढ्यात प्रणितने पाठवलेली पुस्तकाची मुद्रितं, तपासायची कच्ची पानं, आली. ती तपासायला खरं तर दोघं लागतात, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बघायचं. मी झेरॉक्सवरची ओळ मोठ्याने वाचते, मग चष्मा सारखा करून छापलेली बघते. सावरवाडीची पहिली ओळ बरोबर आहे. आता दुसरी वाचते.