एका ओळीची पाटी

एचएसआर लेआउट, बेंगळुरू, ४ सप्टेंबर २०२५

ती. दयानंदकाकांस, शिल्पाश्रीचा सा. नमस्कार वि. वि.

फोनवर बोलताना तुम्ही शिलाई मशीन थांबवत नाही, मला निम्मंच ऐकू येतं, म्हणून पत्र. गिऱ्हाईक आटलं, दिवाळीनंतर दुकान बंद करणार, असं महानंदाकाकूने सांगितलं. मला रडूच आलं. जगाच्या जाहिराती लिहून मी पोट भरते आणि घरच्या दुकानाकडे कधी पाहिलं नाही.

तुमच्या पाटीवर ब्लाउज, पिको-फॉल, गणवेश, पडदे अशी चौदा कामं आहेत. एकही कुणाला आठवत नाही. शनिवारी दुकानाबाहेर बायकांना विचारलं, तर सगळ्यांचं एकच: हा माणूस तोंडावर वीस दिवस सांगतो, पण विसाव्या दिवशी ब्लाउज हातात ठेवतो. बाकीचे शिंपी रोज उद्या या म्हणतात. तेव्हा चौदाही पुसा आणि कन्नडात एवढंच लिहा: ‘इल्लि नाळे बा इल्ला’. इथे ‘उद्या ये’ नाही! पूर्वी भुताने परत जावं म्हणून लोक दारावर ‘नाळे बा’ लिहीत. ते आठवून हसतील आणि चौघांना सांगतील.

रागावलात तरी लोभ उसवू देऊ नका.

तुमची शिल्पाश्री

जयनगर, २४ ऑक्टोबर

चि. शिल्पाश्रीस, अनेक आशीर्वाद.

पाटी लावली तेव्हा शेजारच्या भांडीवाल्या शिवकुमारने मला वेड लागलं का, असं विचारलं. आता रिक्षावाले ‘नाळे बा इल्ला’ म्हटलं की सरळ दाराशी आणून सोडतात. एक बाई पार शहराच्या टोकाच्या बोम्मसंद्राहून आल्या. दिवाळीचे एकशे सहा ब्लाउज तारखेला गेले. हुक लावून काकूची बोटं दुखली, पण गाणी थांबली नाहीत. दुकान बंद करायचं नाव ती काढू देत नाही, आणि खरं सांगू, मलाही काढायचं नाही.

आता कडू बातमी. तुझा साखरपुडा नऊ नोव्हेंबरला आणि कापड आलं काल. तुझ्या आधी एकोणतीस जणी आहेत. गर्दीमुळे आता वीसाऐवजी तेवीस दिवस सांगतो, म्हणजे तुझा ब्लाउज पंधराला होईल. एकीला मागे सारलं तर पाटी खोटी पडेल. दुसरीकडे शिवून घे. तुझं पहिलं झबलं मी शिवलं होतं गं, आणि तुलाच हे लिहावं लागतंय.

तुझा काका

एचएसआर लेआउट, २९ ऑक्टोबर

ती. काकांस सा. न.

आधी चिडले. तणतणत इथल्या शिंप्याकडे गेले, तर तो तीन दिवस उद्या या म्हणतोय. शेवटी होणाऱ्या सासूबाईंना, पुष्पावतीबाईंना, तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्या हसतच सुटल्या. तुमच्या एकोणतीस जणींत त्याही आहेत! म्हणाल्या, ज्याने सख्ख्या पुतणीसाठी माझा नंबर मागे टाकला नाही, त्याच्याच हातचा ब्लाउज माझ्या सुनेने घालायचा. गुरुजींना विचारून साखरपुडा सोळाला नेला.

आता मुहूर्त तुमच्या हातात. लोभ तर आहेच.

तुमची हट्टी शिल्पाश्री

जयनगर, १४ नोव्हेंबर

चि. शिल्पाश्रीस आशीर्वाद.

ब्लाउज आजच झाला, एक दिवस आधी. शेवटचा टाका घालताना चष्मा दोनदा पुसला. काकू म्हणाली, पोरगी ऑफिसात असेल, उद्या ये म्हणून कळवा. मी बोट पाटीकडे केलं. म्हणून हे पत्र शिवकुमारच्या हाती पाठवतोय. त्याच्याच गाडीवर बस आणि आजच ये.

तुझा काका