चार दिवस पर्समध्ये

अप्पा, शेवटच्या आठवड्यात ज्या औषधासाठी तुम्ही कळवळत होतात, ते दुकानात संपलेलं नव्हतं. ते माझ्या पर्समध्ये होतं. पोट साफ होण्याचं ते गोड, चिकट सिरप मीच तांबरमच्या आमच्या हॉस्पिटलच्या फार्मसीतून आणलं होतं, आणि तरी चार दिवस आईला सांगत राहिले की स्टॉक नाही, उद्या येईल. याला आता अकरा वर्षं झाली. हे मी संडासात बसून लिहिते आहे, मांडीवर पॅड घेऊन. माझा सकाळचा अर्धा-पाऊण तास अजूनही इथंच जातो. या घरात दार कोणी ठोठावत नाही, ते मी लग्न ठरतानाच नवऱ्याला बजावलं होतं.

आवडी गावातल्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये महिन्याचा पहिला रविवार एरंडेलाचा असायचा. तुम्ही फॅक्टरीत पोरांना ओळीत उभं करायचात तसं घरात दादाला आणि मला करायचात. बिनसाखरेच्या गरम कॉफीत दोन मोठे चमचे एरंडेल, वर तवंग, आणि टंबलर रिकामा होईपर्यंत तुमची दोन बोटं आमच्या नाकावर. ब्लॉकमधली तमिळ पोरंही बापाला अप्पाच म्हणायची, एरंडेल त्यांच्याकडेही असायचं, पण वर्षातून एखाद्या वेळी. तुम्हाला मात्र आमच्या पोटात सतत काहीतरी साचलंय असा संशय होता. दादा ओकायचा आणि मार खायचा. मी गिळायचे, म्हणून मी शहाणी.

दहावीच्या वर्षी मला शौचाला रक्त पडायला लागलं. दिवसातून आठ-आठ, दहा-दहा वेळा पळायचे, आणि कोणाला दिसू नये म्हणून बादलीभर पाणी ओतायचे. शेवटी लाज सोडून आईला सांगितलं, आईनं तुम्हाला. तुम्ही पेपर खाली न ठेवता म्हणालात की उष्णता आहे, इकडच्या हवेनं होतं, आणि महिन्याचं एरंडेल दर रविवारचं केलंत. मग माझं आत बसणं तुमच्या डोक्यात जायला लागलं. संडास एक, माणसं चार, तुमची फॅक्टरीची बस सातची. अभ्यास टाळायचे नखरे आहेत, असं म्हणत तुम्ही एका सकाळी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आलात आणि दाराची कडी काढून टाकलीत. चार स्क्रू शर्टाच्या खिशात टाकलेत. त्यानंतर सहा महिने मी एका पायानं दार दाबून बसत होते, अप्पा. पोटात पीळ पडलेला, खाली रक्त, आणि बाहेरून तुमच्या हाताचा जोर. पंधरा वर्षांची होते मी. तुम्ही आता मेलेले आहात, तरी हे लिहिताना माझा पाय ताणला गेलाय.

पूर्वपरीक्षेच्या हॉलमध्ये पडले तेव्हा कुठे तुम्ही मला डॉक्टरकडे नेलंत. त्या बाईंनी काय काय दिलं ते विचारलं, आणि तुम्ही ऐटीत सांगितलंत, एरंडेल, दर रविवारी.  मग त्यांनी कागदावर मोठं आतडं काढलं. वरून आलेल्या पातळ चोथ्यातलं पाणी आणि क्षार शोषून घ्यायचे, उरलेलं वेळ येईपर्यंत सांभाळायचं, एवढंच त्याचं काम. माझ्या आतड्याच्या आतलं अस्तर सुजून त्याला जखमा झाल्या होत्या, त्यानं सांभाळणं सोडलं होतं, आणि त्यावर तुम्ही दर आठवड्याला ढकलायचं औषध घालत होतात. हे त्यांनी तुम्हाला इतक्या सभ्य शब्दांत सांगितलं की मला त्यांचाही राग आला. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी सूज उतरली आणि माझा चेहरा फुगला. तुम्ही पाहुण्यांसमोर मला भोपळा म्हणायला लागलात. चुकलं असं एकदाही म्हणाला नाहीत. आणि कडी तुम्ही परत लावली नाहीत, ती आईनं सुताराला बोलावून लावून घेतली.

मी फार्मसी का शिकले, असं लोक विचारतात तेव्हा मी काहीतरी छान सांगते.

मग तुमचा कॅन्सर हाडांत उतरला आणि मी रजा घेऊन आवडीला आले. मॉर्फिन सुरू झालं. ते दुखणं थांबवतं आणि आतडंही थांबवतं. मळ जागच्या जागी पडून राहतो, आतडं मात्र आपलं पाणी ओढतच राहतं, आणि शेवटी आत दगड उरतो. म्हणून पहिल्या दिवसापासून सिरप चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. मला समजावून सांगायची गरज नव्हती. मी बाटली आणली, पर्स तुमच्या पलंगाशेजारच्या खुर्चीला अडकवली, आणि बाटली बाहेर काढली नाही. ठरवून असं काही केलं नव्हतं. पहिल्या दिवशी नुसता हात थांबला. दुसऱ्या दिवशी मला तो थांबलेला हात आवडला. तिसऱ्या दिवशी तुम्ही पोटावर हलके बुक्के मारत होतात, आणि आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्याकडे मऊ आवाजात काही मागितलंत.

"पोरी, काहीतरी बघ ना गं. सहन होत नाही."

"उष्णता असेल, अप्पा," मी म्हणाले.

तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलात, मग भिंतीकडे तोंड केलंत. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी दुकानातून आल्याचं नाटक करून बाटली आईच्या हातात दिली. पुढच्या सोमवारी तुम्ही गेलात. मला वाटत होतं, हे फक्त मला ठाऊक आहे, आणि त्यात एक प्रकारचं सुख होतं, ते का नाकारू?

गेल्या आठवड्यात आई माझ्याकडे होती. कीरै निवडता निवडता, भाजीवरची नजर न काढता, ती सहज बोलून गेली की तुम्हाला सगळं माहीत होतं. मी फोन काढताना पर्स उघडी राहिली होती आणि झाकण तुम्हाला दिसलं होतं, दुसऱ्याच दिवशी. आई उठून घ्यायला निघाली तर तुम्ही तिचा हात धरलात.

"राहू दे. तिच्याजवळ आहे ते. देईल तेव्हा देईल."

म्हणजे तुम्हाला बाटली दिसत होती, आणि तरी तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याकडे मागितलंत. भाजी तशीच टाकून मी इथं येऊन कडी लावून बसले. रडू आलं नाही. आई बाहेर थांबली, तिनं दार वाजवलं नाही.

हा कागद कुठे जाणार नाही, इथून उठले की फाडेन. तुम्हाला बाटली दिसली हे तेव्हा कळलं असतं, तर मी ती लगेच काढून दिली असती, असं लिहायला मघापासून पेन टेकवते आहे. तसं नाही, अप्पा. मी आणखी एक दिवस थांबले असते.